बारा तासांचं अंतर

१९ फेब्रुवारी २०२४ रोजी कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात सहाशे अठरा डॉलर होते. दोन डॉलरला एक, अशी तीनशे नऊ तिकिटं. रेनो केटुनेननं रक्कम दोनदा मोजली आणि कोणाला किती परत द्यायचे याची यादी करायला घेतली.

पैज रद्द झाली होती. उत्तर मिशिगनमधल्या त्या गावात ती १९८१ पासून रेनोच सांभाळत होता. हिवाळ्यात गोठलेल्या तलावावर लाल रंगाची लाकडी खोपी उभी करायची, तिची दोरी काठावरच्या घड्याळाला बांधायची. वसंतात बर्फ फुटून खोपी बुडाली की हिसका बसून घड्याळ थांबे. त्या वेळेच्या सर्वांत जवळचा अंदाज ज्याचा, त्याला निम्मी रक्कम; उरलेली अग्निशमन दलाला. खोपीला दहा इंच बर्फ लागतो. सकाळी रेनोनं भोक पाडून मोजला, तो साडेचार इंच भरला.

पहिले दोन डॉलर त्यानं पेट्रोलपंपावर उर्हो साल्मेलाला नेऊन दिले.

"आण इकडे," उर्हो म्हणाला. "यंदा तरी बारा तासांनी हुकलो नाही म्हणायचं! बर्फच हुकला."

रेनो हसला. हा विनोद तो अठ्ठावीस वर्षं ऐकत होता.

दुपारी विद्यापीठातून ब्रिजेट आली. तलावांचा बर्फ किती लवकर वितळू लागला आहे, याचा ती अभ्यास करत होती. दरवर्षी बर्फ फुटल्याची तारीख आणि वेळ रेनो ज्या वहीत लिहायचा, ती वही तिला हवी होती.

"एकच माणूस, एकच जागा, त्रेचाळीस वर्षं," पानांचे फोटो काढत ती म्हणाली. "काका, अशी नोंद आम्हाला शोधून सापडत नाही. बर्फ अकरा दिवस आधी फुटायला लागलाय. तुमच्यामुळे हे ठामपणे सांगता येईल."

रेनोनं तिच्यापुढे कॉफी ठेवली. वही तशीच जाऊ द्यावी, असं त्याला क्षणभर वाटलं. वहीत एकच नोंद खोटी होती, आणि ती त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती.

"शहाण्णवची तारीख चूक आहे," तो म्हणाला. "तीन मे नव्हे, दोन मे."

"म्हणजे लिहिताना चुकलात?"

"नाही. घड्याळ पाच वाजून दहा मिनिटांनी थांबलं होतं. काट्यांचं घड्याळ, त्यावर सकाळ काय नि संध्याकाळ काय, सारखीच. दोन तारखेला धुकं होतं. संध्याकाळी सहाला काठावर मी एकटाच गेलो होतो, तेव्हाच ते बंद होतं. मी दुसऱ्या दिवशी पहाटेची वेळ लिहिली."

"का पण?"

"बायकोचं, आयलीचं, तिकीट तीन तारखेच्या पहाटेचं होतं. ती हॉस्पिटलात होती. आठवड्याभरात गेली."

ब्रिजेटनं लॅपटॉपवर आकडा बदलला आणि आलेखाकडे पाहिलं.

"रेष जिथल्या तिथे आहे," ती हळूच म्हणाली. "एका दिवसानं काही हलत नाही, काका."

अठ्ठावीस वर्षं त्यानं ही गोष्ट जपली होती. ती सांगितल्यावर काहीतरी वाटेल म्हणून तो थांबला. काही वाटलं नाही. त्यानं तिचा कप विसळून पालथा घातला.

ती गेल्यावर तो पुन्हा पंपावर गेला आणि काउंटरवर वीसच्या तीन नोटा आणि दहाची एक ठेवली.

"हे कशाचे?" उर्होनं विचारलं.

"शहाण्णवचे. घड्याळ आदल्या संध्याकाळीच थांबलं होतं. मी पाहिलं होतं. तू जिंकला होतास."

उर्होनं हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "आयलीला माहीत होतं?"

"नाही. आपण जिंकलो म्हणून तिनं नर्सांसाठी केक मागवला होता."

"मग असू दे." तो म्हणाला, "पण लेका, मी तेच तेच सांगत होतो आणि तू दर वेळी हसत होतास?"

"तू सांगायचास, मी हसायचो."

उर्होनं नोटा मोजल्या. "तेव्हा तिकीट एका डॉलरला होतं, माझा वाटा साडेएकाहत्तर होता. आकडा पाठ आहे मला."

"एवढेच होते खिशात."

"बरं. राहिलेले उद्या दे."

रात्रीपासून पाऊस लागला, फेब्रुवारीतच. तलावावरचा होता तेवढा बर्फही पाण्याखाली गेला. सकाळी रेनोनं वहीत २०२४ समोर 'खोपी ठेवली नाही' असं लिहिलं. मग १९९६ ची तारीख खोडून दोन मे केली आणि त्याच ओळीत पुढे लिहिलं : उर्हो साल्मेला यांचे देणे, दीड डॉलर.