चार कोअरचा पर्याय

अमेरिकेत, मिशिगनच्या ट्रॉयमधल्या त्या ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तो नागपूरचा, मी पुण्याचा. घरं जवळ, म्हणून कारपूल. मी कंपनीत पर्मनंट. तो कॉन्ट्रॅक्टवर, आणि व्हिसा त्याच कामाला बांधलेला. कंपनीचे सगळे रिपोर्ट ज्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालायचे, तो सर्व्हर सांभाळणं हे त्याचं काम.

त्या वर्षी खर्च कमी करायचं ठरलं. सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स महाग, रिन्यूअल तोंडावर. आहे तोच ठेवायचा की फुकटचा ओपन सोर्स सर्व्हर घ्यायचा, याची शिफारस मला करायची होती. फुकटचा घेतला तर तो माझी टीम चालवणार होती, वेगळा माणूस लागणार नव्हता. प्रोजेक्ट माझा आणि मागोमाग प्रमोशन, हेही मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

एका सकाळी गाडीत तो म्हणाला, "काहून एवढं डोकं लावून राहिला? लायसन्सचे पैसे मशीनच्या प्रोसेसरमध्ये कोअर किती, त्यावर मोजतात. आपली मशीन सोळा कोअरची. रिपोर्टला चार पुरतात, मी महिनाभर पाहिलंय. छोट्या मशीनवर हलवू, लायसन्स पाव होऊन जाईल."

"मेल टाक ना मला."

"मेल कशाला यार? शीट तूच बनवतोयस. टाकून दे."

हे तो मला मराठीत, गाडीत, दोस्त म्हणून सांगत होता. लिहून दिलं असतं तर मला ते लपवता आलं नसतं. शीटमध्ये मी दोनच कॉलम ठेवले: आहे तो आणि फुकटचा.

मीटिंगमध्ये मॅनेजरने नेमकं तेच विचारलं, आहे तोच छोटा करता येईल का ते पाहिलंस का. मी म्हणालो, "पाहिलं. फारसा फरक पडत नाही."

त्या खोलीत तो नव्हता. कॉन्ट्रॅक्टरना बोलवत नसत.

नवा सर्व्हर चांगला चालला, आजही चालतो. हे सांगितलंच पाहिजे, कारण कितीतरी वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आलो. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, दुसरी नोकरी शोधायला साठ दिवस मिळाले, नाहीतर देश सोडायचा. त्याच आठवड्यात गाडीत त्याने विचारलं, "चार कोअरचं काय म्हणाले रे?"

"त्यांना फ्रीच हवं होतं."

"असू दे. तू सांगून पाहिलंस, तेच खूप."

मी सिग्नलकडे बघत राहिलो. साठ दिवसांत काही जमलं नाही. त्याची मुलगी शाळेत रमलेली असताना ते नागपूरला परतले. वहिनींनी आमच्या घरी दोन खोके मसाले आणि डाळी आणून दिल्या. "फेकायचं जिवावर येतं हो," म्हणाल्या. ती डाळ आम्ही खाल्ली.

गेल्या जूनमध्ये त्याचा फोन आला. मुलीला मिशिगनमध्येच कॉलेजात प्रवेश मिळाला होता. "तू तिथे आहेस म्हणून पाठवतोय, नाहीतर पाठवली नसती. एअरपोर्टवर घ्यायला जाशील ना? पहिला आठवडा तुमच्याकडेच राहू दे."

'हो' म्हणायला मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, "ते चार कोअरचं मी कधी सांगितलंच नव्हतं."

"मंजे?"

"शीटमध्ये टाकलंच नाही."

"त्यांनी विचारलं होतं?"

"हो."

"मग?"

"पाहिलं म्हणालो. फरक पडत नाही म्हणालो."

मला वाटलं, शिव्या घालेल. मी त्याचीच वाट पाहत होतो. शिव्या घातल्या असत्या तर मला माफी मागता आली असती.

"ठीक आहे," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच. "पोरीला घ्यायला दुसऱ्या कोणाला सांगतो मी."

ऑगस्टमध्ये ती आल्याचं मला इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. कोणीतरी विचारत होतं, नागपूरची एक मुलगी नवीन आली आहे, तिला जुनं टेबल कोणी देईल का. आमच्या बेसमेंटमध्ये एक होतं. मी मेसेज टाइप केला, आणि खोडला.