हवेचा पहिला नंबर

डॉक्टर म्हणाले, "हवा बदला," आणि माझं स्वस्थ बसणंच संपलं. फुलचूरला आमच्या घरामागे राइस मिल आहे. वाळत घातलेल्या कपड्यांवर भुशाची काळी राख बसते. त्या हिवाळ्यात बायकोचा दमा इतका वाढला, की अंगण झाडतानाही तिला मध्येच टेकावं लागे.

कॉलेजातल्या एका सहकाऱ्याकडे हवेतली धूळ मोजायचं हातात मावणारं यंत्र होतं. ते मागून आणलं. ठरवलं, ओळखीच्या गावांची हवा मोजायची, नंबर लावायचे आणि पहिल्या नंबराच्या गावी बिऱ्हाड हलवायचं. शिकवतानाही हात खिशातल्या यंत्राकडे जायचा.

फुलचूर तळाला, हे उघडच होतं. कामठ्याची हवा सकाळी छान निघाली. संध्याकाळी खोली ठरवायला पुन्हा गेलो, तर बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या शेतांत, धानाचं तणस पेटलेलं. तिथूनच माघारी फिरलो.

उरलं सालेकसा. तिथे बायकोची थोरली बहीण राहते, घराला लागूनच जंगल. पहिला नंबर मी मनात देऊनही टाकला होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी बायकोला घेऊन गेलो, तर झाडाझाडाखाली पाला जळत होता. यंत्राचा आकडा फुलचूरच्याही वर गेला.

"हे काऊन पेटवून राहिले?" मी ओरडलोच.

"पाला जारला नाही त खाली पडलेलं मोहफूल येचाले दिसंल कसं, जवाई?" मेहुणी म्हणाली.

तेवढ्यात बायकोला खोकल्याची उबळ आली. मेहुणीने ओल्या फांदीने आपल्या झाडाखालची आग झोडपून विझवली आणि खराटा घेऊन उरलेला पाला झाडायला लागली. पण पलीकडची झाडं धुमसतच होती.

मी बॅग उचलली. "चल, परत जाऊ."

"कुठं?" दम्याचा पंप ओढून बायको म्हणाली. "मले घेऊन किती गावं फिरसान? मोह सरला का इथला धूर सरंल. तुमची मिल त सरतच नाही. मी इथंच राहून पायतो."

ती राहिली. मोह संपला, धूर ओसरला. पंप अजून जवळ असतो, पण मी रविवारी जातो तेव्हा ती मला घ्यायला स्टेशनपर्यंत चालत येते.

यंत्र मी कधीच परत केलं. तरी फुलचूरच्या रिकाम्या घरातून फोन लावला की तोंडून पहिलं हेच निघतं, "तिकडे आज काही जळून राहिलं का?"

"जेवले का, ते सांगा आधी," ती चिडून म्हणते.