ऑल्टसोबत एक, ऑल्टसोबत दोन

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा समता कॉलोनीतल्या दवाखान्यातलं माझं काम राहते की जाते, हे आठवडाभरात ठरणार होतं. तिथले डॉक्टर आहाराचे. पेशंटनं काय खायचं, काय नाही, हे हातानं लिहितात, मी त्याचा हिंदीत साफ कागद टाइप करते. म्हणाले, "दीदी, एक हफ्ता घर से करके देखिए. गड़बड़ हुई तो किसी को रखना पड़ेगा." त्यांचं बरोबरच होतं, पेशंट कागदासाठी किती थांबणार.

आता शंकर नगरच्या घरून, माझ्या कम्प्यूटरवर एक सॉफ्टवेअर टाकून, दवाखान्याचे दोन कम्प्यूटर चालवायचे. डॉक्टरांच्या खोलीतल्यात पथ्याचे कागद, काउंटरवरच्यात पेशंटची यादी. माझ्या पडद्यावर एका वेळी एकच दिसे. माउसनं एक बंद करा, दुसरा शोधा, त्यातच वेळ जाई. त्या सॉफ्टवेअरमध्ये खोदत बसली तर सापडलं, की आपल्या मनानं बटनं ठरवता येतात. शिकवणारं कोणी नव्हतं, दोन दुपारी गेल्या. ऑल्टसोबत एक दाबलं की काउंटर, ऑल्टसोबत दोन दाबलं की डॉक्टरांची खोली. ऑल्टच काहून, तर अंगठा माझा आपोआप तिथंच जाते.

तो तिथं का जाते, हा विचार तेव्हा करायले पाहिजे होता. मी जुन्या हिंदी फॉन्टात टाइप करते. त्यातली काही अक्षरं कीबोर्डवर नाहीतच, ऑल्ट धरून चार आकडे दाबले की ती उमटतात. आणि आम्हा टाइपिंग क्लासवाल्यांची नजर कागदावर. माझा कागद म्हणजे डॉक्टरांनी फोनवर पाठवलेला फोटो. पडद्याकडे कोण पाहते.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी शुगरच्या पेशंटचा कागद करून राहिली होती. एक तसं अक्षर आलं, बोटांनी ऑल्ट धरून आकडे टाकले, त्यात एकचा आकडा होता. मी पुढे अर्धा कागद टाइप केला, मान वर न करता.

मग दवाखान्यात काउंटरवर बसते त्या पोट्टीचा फोन आला. घरची मराठीच, पण बोलते हिंदी. "आंटी, वायरस घुस गया. पेशेंट के नाम मिट रहे हैं, उनकी जगह अंग्रेज़ी में कुछ भी आ रहा है. सर कम्प्यूटर वाले भैया को बुलवा रहे हैं."

"काय आलं, वाच बरं."

"डी, जे, एस, वाई, के."

मी मान वर केली, पडद्यावर काउंटरची यादी होती. मग कीबोर्डकडे पाहिलं. माझ्या फॉन्टात ही पाच बटनं म्हणजे करेला. काउंटरच्या यादीत तो फॉन्ट नाही, म्हणून तिले इंग्रजी दिसत होती. दर ओळीले मी एंटर मारला होता, आणि दर एंटरले एक नाव गेलं होतं.

"वायरस नाही गं. कारलं आहे ते, माझं."

"करेला? मेरी लिस्ट में? आंटी, नीचे वाला क्या है फिर, लौकी?"

गप्प बसली असती तर सगळं वायरसवर खपलं असतं. मनात आलंही तसं. पण मग तो कम्प्यूटरवाला येऊन तासभर कम्प्यूटर उघडून बसला असता आणि बाहेरचे पेशंट तसेच. म्हटलं, सरांना फोन दे. त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी एवढंच विचारलं, "फिर होगा?"

"ऑल्टवाला नहीं होगा, बटन अभी बदलती हूँ. दूसरा कुछ हुआ तो मैं ही बताऊँगी."

"ठीक है. पहले लिस्ट."

पोट्टीनं बसलेल्या एकेकाले नाव विचारलं, मी घरून भरत गेली. मग ऑल्टच्या जागी एफ नऊ आणि एफ दहा ही बटनं ठरवली. तिथं माझी बोटं कधी जात नाहीत.

आठवडा संपला, दुसरं कोणी ठेवायचा विषय डॉक्टरांनी काढला नाही, कागदांचे फोटो येत राहिले. आठव्या दिवशी पोट्टीनं विचारलं, "आंटी, अब तो आप घर से ही करेंगी. यहाँ की आपकी कुर्सी बाहर रख दूँ? मरीज़ खड़े रहते हैं."

"हव," म्हटलं, "ठेव."