सहाचं पाणी

चावीकाकांच्या हातात तीस वर्षं एकच सत्ता होती: टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायची हातभर लांब लोखंडी चावी. पाणी कधी सोडायचं ते मात्र गाव ठरवायचं. वर्षातून एकदा पालिकेच्या आवारात सभा भरे, तासभर कडाकडा भांडणं होत, मग हात वर होत. सकाळी सहा, हे असंच ठरलेलं.

मग राजधानीला गावाची काळजी वाटू लागली. फर्मान आलं: देशभर नळाला पाणी एकाच वेळी, अकराला. अकराला तिथले साहेब कचेरीत पोचतात, म्हणजे देखरेख सोपी. गावात त्या वेळी घराघराला कुलूप. सभाही बंद झाल्या. लोकांनी कशाला डोकं शिणवायचं!

काकांनी फर्मान घडी करून खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी सहालाच चावी फिरवली. वर कळवलं, अकरा. अख्ख्या गावाला ठाऊक, अख्खं गाव मूग गिळून गप्प.

वर्षाअखेर पाहणी झाली. देशभरातून तक्रारी, या गावातून एकही नाही! राजधानीचे सचिव हरखून स्वतः मानपत्र घेऊन आले. मांडव, माईक, सगळा थाट. "अकराच्या पाण्यानं गाव सुखी झालं, हे काकांच्या तोंडून ऐकू," ते म्हणाले, "आणि या वेळेचा कायदाच करून टाकू."

पहिल्या रांगेतून काकू डोळ्यांनी दटावत होत्या. निवृत्तीला आठच महिने उरले होते. पण काकांना कळत होतं: आपण हो म्हटलं की सगळ्या देशाच्या माथी अकराची वेळ कायमची बसणार, तेही आपल्या नावावर.

"साहेब, इथं पाणी सहाला येतं," ते म्हणाले. "लोकांनी ठरवलंय."

काका त्याच दुपारी निलंबित झाले. आठवड्याभरात व्हॉल्व्हला राजधानीतून चालणारं यंत्र बसलं. कायदाही झालाच, स्थानिक बेशिस्तीला आळा घालायला तो किती गरजेचा, हे काकांच्याच उदाहरणानं सिद्ध झालं होतं.

पहिलं अकराचं पाणी वाहून गेलं आणि संध्याकाळी शेजारी काकांच्या दारात जमले.

"काका, एवढं खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं? चाललं होतं ना गुपचूप!"

सचिवांवर न आलेला राग काकांना आत्ता आला. "ठरवताना भर सभेत भांडलात, आणि सांगायची वेळ आली की गुपचूप?"

मग मागून एका बाईंनी हळूच विचारलं, "ते यंत्र हातानं फिरवता येतं का हो?"

"येतं. पण आधी सगळ्यांनी कागदावर सही करा, की आम्हीच फिरवायला सांगितलं."

एकेकाला घरची कामं आठवली. शेवटी सही केली ती एकट्या काकूंनी, तीही नवऱ्याला शिव्या घालत.