गाडी पुढे घ्या

सिल्वासाच्या बाजारातली ती दुपार निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, हद्दीवरची चोरटी दारू पकडली. त्यातलं काही आठवलं तर मी शांत असतो. ही घटना आठवली की मात्र अजून चीड येते. बायको म्हणते, "पुन्हा तो टेम्पो डोक्यात शिरला वाटतं."

नव्वदीच्या सुरुवातीचा काळ. मी सिल्वासा ठाण्यात उपनिरीक्षक होतो. करसवलतीमुळे चहूबाजूंनी कारखाने उभे राहत होते. धुळे-जळगावकडची माणसं कामाला येत होती, मुंबई-पुण्याचे इंजिनीअर बिऱ्हाडं थाटत होते. माणसं वाढली तशी दुकानं वाढली. वाढला नाही तो बाजारातला रस्ता. एकाच रस्त्यावर कापड, भांडी, हार्डवेअर, किराणा, त्यांच्या पुढ्यात भाजीवाल्या आणि या सगळ्यांचा माल घेऊन येणारे ट्रक आणि टेम्पो. वाहतूक शाखा म्हणून वेगळी काही नव्हती. एक हवालदार आणि त्याची शिट्टी, एवढाच बंदोबस्त.

सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच ठाणे अंमलदारासमोर पहिला तक्रारदार उभा असे, आणि तक्रार एकच: "माझ्या दुकानासमोर त्याची गाडी." त्याच्या पाठोपाठ तो 'त्याची'वाला यायचा. आम्ही व्यापाऱ्यांच्या बैठका घेतल्या. माल सकाळी लवकर उतरवा, सम तारखेला या बाजूला आणि विषम तारखेला त्या बाजूला गाड्या लावा, असं ठरवून दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि बाहेर जाऊन आपापल्या आडव्या लावलेल्या स्कूटर काढल्या. 'येथे वाहन उभे करू नये' या आमच्या पाटीवर एका कापड दुकानदाराने परकर टांगले होते. विचारलं तर गुजराती वळणाने म्हणाला, "अर्धी पाटी तर दिसते ने, साहेब!"

लग्नसराई तोंडावर आली होती. बाजाराचा दिवस असल्याने खेड्यापाड्यांतून माणसं लोटली होती. एका भांड्यांच्या दुकानासमोर प्रेशर कुकरच्या खोक्यांनी भरलेला टेम्पो उभा होता. माल नुकताच उतरवायला घेतला होता. हमाल पाणी प्यायला आत गेले, चालक समोरच्या गल्लीत चहाला गेला. तेवढ्यात मागून एसटी आली. एसटीमागे सरकारी जीप, जीपमागे वाळूचा ट्रक. गाड्यांचे कर्णे सुरू झाले. जो तो टेम्पोच्या नावाने ओरडू लागला. पाच-दहा मिनिटांत रस्ता मोकळा झाला. टेम्पो जागेवर नव्हता.

चहा पिऊन आलेला चालक रिकाम्या जागेकडे पाहत उभा राहिला. त्याला वाटलं, हमालांनी पुढे लावला असेल. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आला आणि भांड्यांच्या दुकानाच्या शेठला अहिराणीत म्हणाला, "शेठ, गाडी कुठे शे?"

शेठने कपाळावर हात मारला. "गाडी तुझी, चावी तुझी, आणि मला विचारतो? कोणाला देऊन आलास?"

एवढं पुरे झालं. उन्हात खोळंबून तापलेल्या गर्दीला हात उगारायला कोणीतरी हवंच होतं. हवालदाराने त्याला बाहेर ओढेपर्यंत त्याचा पुढचा दात पडला होता आणि एक डोळा मिटला होता. ठाण्यात आणलं तेव्हा तो एकच वाक्य म्हणत होता, "मी चोर नही शे, साहेब."

तो धुळ्याकडचा, तिशीतला. टेम्पो एका वाहतूकदाराचा, हा पगारी चालक. बायको एका कारखान्यात पॅकिंगला. मी शेठची फिर्याद नोंदवली, जागेचा पंचनामा केला आणि जबाब घ्यायला बसलो.

टेम्पो कोणी नेला? कोणी पाहिलं नव्हतं. भर बाजारात, शेकडो माणसांसमोर एवढं मोठं वाहन गेलं आणि एकालाही माणूस आठवेना. कोणी म्हणे निळा शर्ट, कोणी म्हणे शर्ट पांढरा आणि टेम्पो निळा. शेवटी आमचा हवालदार अवघडून माझ्यासमोर आला.

"साहेब, मी पाहिला."

"कोण होता?"

"तोंड नाही पाहिलं. नाक्यावर थांबायला बघत होता. मीच शिट्टी मारून पुढे काढला. एसटी अडली होती ना."

मी त्याचाही जबाब घेतला. दुसरं काय करणार?

राहता राहिला चावीचा प्रश्न. चालकाने कबूल केलं की चावी गाडीतच होती. "इथली पद्धतच तशी शे, साहेब. माल उतरवताना चावी काढायची नाही. कुणाची गाडी अडली तर हमाल सरकवतात. चावी काढली तर शेठ चिडतात."

मी शेठला विचारलं. त्याने साफ नाकारलं. "मी कशाला असं सांगू? माझा माल आहे त्याच्यात." शेजारच्या कापडवाल्याला विचारलं, हार्डवेअरवाल्याला, किराणावाल्याला विचारलं. अशी पद्धत कोणीच ऐकली नव्हती. एकाने तर मलाच समजावलं, "साहेब, चावी गाडीत ठेवणारा माणूस सरळ नसतो."

आमच्या निरीक्षकांना तेवढं पुरेसं होतं. वरून फोन येत होते. सरकारी जीपमधल्या अधिकाऱ्यानेही बाजाराच्या दुरवस्थेबद्दल तक्रार केली होती. चालकाला अटक दाखवली, न्यायालयातून कोठडी मिळाली. मी म्हणालो, "सर, स्वतः सामील असता तर परत मार खायला कशाला आला असता?" ते म्हणाले, "मग तुम्ही दुसरा आणा."

त्याची बायको रोज कारखान्यात जाण्याआधी डबा घेऊन यायची आणि बाकावर ताठ बसायची. रडली नाही, हात जोडले नाहीत. एकदा मात्र म्हणाली, "आमच्या शेजारणीने पोराला आमच्याकडे खेळायला पाठवणं बंद केलं, साहेब. चोराचं घर म्हणते."

दरम्यान किलवणीच्या रस्त्याला, सागाच्या झाडांत टेम्पो सापडला. चावी आत, माल गायब. निरीक्षक म्हणाले, "बघा, टोळीच आहे."

माझं डोकं त्या चावीपाशीच अडलं होतं. सगळा बाजार एका सुरात खोटं बोलतोय याची मला खात्री होती, पण खात्री कागदावर चालत नाही. एका सकाळी मी हवालदाराला सोबत घेतलं, साध्या कपड्यांत बाजारात गेलो आणि एका टोकाकडून सुरुवात केली. माल उतरवणारा टेम्पो दिसला की दार उघडायचं आणि आत हात घालायचा. पहिल्यात चावी होती. दुसऱ्यात होती. तिसऱ्या ट्रकमध्ये होती आणि वर लिंबू-मिरचीही बांधलेली होती. मिळतील तेवढ्या चाव्या मी हवालदाराच्या पिशवीत टाकल्या आणि ठाण्यात येऊन बसलो.

थोड्याच वेळात बाजारातून कर्ण्यांचा असा कल्लोळ उठला की ठाण्यात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मग व्यापारी यायला लागले. घामाघूम, संतापलेले.

"साहेब, चाव्या कोणी काढल्या? बाजार बंद पडला!"

"चावी गाडीत कशाला होती?" मी विचारलं.

"म्हणजे काय? गाडीतच ठेवावी लागते ने! नाहीतर सरकवणार कोण?"

हे बोलणारा हार्डवेअरवाला. मागे भांड्यांचा शेठ उभा होता. तो घाईघाईने म्हणाला, "आम्ही सगळ्यांनी मिळूनच ठरवलंय साहेब, चालकांना ताकीद दिलेली..." आणि मध्येच गप्प झाला. समोरच्या कोठडीच्या गजांआडून चालक त्याच्याकडे पाहत होता.

मी सगळ्यांना बसवलं. "ज्याला चावी हवी, त्याने आधी जबाब द्यायचा." बाहेर कर्णे वाजत होते, आत माणसं एकामागून एक सह्या करत होती. इतक्या झटपट खरं बोलणारे साक्षीदार मला पुढे कधी मिळाले नाहीत.

शेठचा नंबर सर्वांत शेवटी ठेवला. तो म्हणाला, "साहेब, मी हो म्हटलं असतं तर टेम्पोचा मालक माझ्याच गळ्यात पडला असता. नुकसान माझ्यावर आलं असतं."

"म्हणून त्याचा दात पडू दिलात?"

शेठ हळूच म्हणाला, "अजून एक गोष्ट आहे. त्या कुकरच्या शिट्ट्या आणि रबरं वेगळ्या खोक्यात येतात. ते खोकं आधीच उतरवलं होतं. ते माझ्याकडेच राहिलं."

"बरं, मग?"

"परवापासून बायका येतात. गलोंड्याकडच्या. म्हणतात, नवा कुकर घेतला, शिट्टीच नाही."

मी खुर्चीतून उठलो. "तुम्ही काय केलंत?"

"विकल्या, साहेब. पडूनच होत्या ने."

चोरीला गेलेल्या आपल्याच कुकरला हा माणूस शिट्ट्या विकत होता आणि पोलिसांना सांगायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं! मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी आम्ही गलोंड्याला गेलो. कामगारांच्या चाळीत घरोघरी तोच कुकर. बायका घाबरल्या. एकीने तर आमटी शिजत असलेला कुकर तसाच उचलून माझ्यापुढे धरला. कोणाकडून घेतला हे सांगायला मात्र कोणी कचरलं नाही. तिथल्याच एका कारखान्याचा चालक. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर विकत होता. त्याच्या खोलीत उरलेली खोकी छताला टेकली होती. दोन पंच बोलावून मुद्देमाल जप्त केला. त्याने पळायचा प्रयत्नही केला नाही.

चौकशीत त्याला कोणी हात लावला नाही. तशी गरजच पडली नाही. पाण्याचा पेला दिला, तो रिकामा करून बोलू लागला.

"साहेब, मी त्या एसटीत होतो. रजा होती, घरी चाललो होतो. टेम्पो आडवा. कंडक्टर ओरडला, कुणाला गाडी चालवता येते का? मी म्हटलं, मला येते. उतरलो. चावी आतच होती. म्हटलं, थोडा पुढे लावतो आणि परत बसमध्ये बसतो."

"मग लावला का नाहीस?"

"कुठे लावू? कापडवाल्यासमोर थांबलो, तो म्हणाला पुढे घे. किराणावाल्यासमोर थांबलो, तो काठी घेऊन आला. मागे एसटी कर्णा वाजवतेय. नाक्यावर थांबणार होतो, तर तुमच्या हवालदारांनी शिट्टी मारली. असं करत करत गावाबाहेर आलो. वळायला जागा नाही. एसटी मला मागे टाकून निघून गेली." त्याने रिकामा पेला बाजूला सरकवला. "मग मागे वळून पाहिलं तर माल."

"तेव्हा परत आणायचा."

"परत आणून कुठे उभा करणार होतो, साहेब?"

खरं सांगतो, क्षणभर मला हसावं की त्याच्या कानाखाली वाजवावी ते कळेना. चोरी ती चोरीच. त्याच्यावर दोषारोपपत्र दाखल झालं आणि त्याला शिक्षाही झाली. पण तोवर त्याने सांगितलेला प्रत्येक थांबा मी तपासला होता. कापडवाला, किराणावाला, हवालदार, सगळ्यांनी मान्य केलं. 'पुढे घे' म्हटल्याचं सर्वांना स्वच्छ आठवत होतं.

टेम्पोचालकाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल आम्ही न्यायालयात दिला आणि त्याची सुटका झाली. ठाण्यात येऊन त्याने आपल्या वस्तू ताब्यात घेतल्या, सही केली, पण तो जाईना.

"आता काय?" मी विचारलं.

"साहेब, तुम्ही मले सोडलं ते न्यायालयात. मार बसला तो बाजारात. तिथं कुणाले माहीत शे, मी सुटलो ते?"

निरीक्षक म्हणाले, हे आपलं काम नाही. नियमाने नव्हतंच. तरी मी शेठला बोलावलं आणि सांगितलं, "याच्यासोबत बाजारातून चालायचं. दुकानादुकानासमोर थांबून सांगायचं की याने चोरी केलेली नाही आणि चावी गाडीत ठेवायला तुम्हीच लावलं होतं." शेठने आढेवेढे घेतले. चालकाची बायको बाकावरून उठली आणि एवढंच म्हणाली, "मीही येते." मग शेठ निमूट निघाला.

मी मागे चालत होतो. शेठ प्रत्येक दुकानापुढे थांबून बोलत होता, आधी पुटपुटत, मग जरा मोठ्याने. चालक फक्त ज्याला सांगितलं जाई त्याच्या डोळ्यांत पाहत होता. बरेच जण पाहून न पाहिल्यासारखं करत होते. एक म्हातारा कासार तेवढा उठून आला आणि म्हणाला, "मीपण मारलं होतं रे." चालकाने मान हलवली आणि तो पुढे गेला. बाजार संपेपर्यंत त्याची बायको त्याच्या बरोबरीने चालत होती. शेवटच्या दुकानापाशी तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, नवऱ्याचा हात धरला आणि दोघं शेठकडे वळूनही न पाहता निघून गेले. पुढच्याच महिन्यात ते नाशिककडे गेल्याचं कळलं.

मी खात्यात आलो तेव्हा समजत होतो की माणसं भीतीपोटी किंवा लोभापोटी खोटं बोलतात. त्या प्रकरणाने मला तिसरं कारण दाखवलं, आणि ते जास्त सार्वत्रिक आहे. त्या व्यापाऱ्यांपैकी एकही दुष्ट नव्हता. चालकाशी कोणाचं वैर नव्हतं. त्यांची रोजची सोय तेवढी त्यांना सोडायची नव्हती, आणि तिच्यासाठी एक निरपराध माणूस कोठडीत बसला तरी त्यांची जेवणं चुकली नाहीत. गुन्हेगाराला बोलतं करायला मी शिकलो होतो. सज्जनांना बोलतं करणं कितीतरी अवघड असतं, कारण आपण काही लपवतोय हे त्यांना स्वतःलाही कबूल नसतं.