पाणी नको म्हणाले, त्याचं कारण

परवा रविवारी सुजाताच्या नव्या घरी गेले होते. जालन्यातच, पण गावाच्या जरा बाहेर… दोन खोल्या, वर गच्ची, दाराला अजून रंगाचा वास. सुजाता माझ्याच शाळेत शिकवते, अंकुशनगरकडे. रोज आम्ही एकाच बसने जातो-येतो, बडबड करत.

पुढचं कळावं म्हणून आधी एक गोष्ट सांगते. हिवाळ्यात माझं आतड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा शाळेत मी सांगितलं होतं, "गाठ होती, काढली." ते अर्धंच खरं होतं. ती गाठ कॅन्सरची होती, म्हणून आता केमो चालू आहे.

हे माझ्या नवऱ्याला आणि बहिणीला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या औषधाने केस काही गळले नाहीत, त्यामुळे लपवणं सोपं गेलं. कुणी कीव केली की माझं डोकं फिरतं… मग कशाला सांगा!

संभाजीनगरच्या माझ्या डॉक्टरांनी मध्यंतरी विचारलं होतं, आमच्या संशोधनात भाग घ्याल का. ऑपरेशननंतर केमोचे किती डोस पुरेसे होतात, त्रास कमी कसा करता येईल, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. दर डोसनंतर सिस्टर फोन करतील, काय काय होतंय ते सांगायचं, बस. मी सरळ नाही म्हणून आले. स्टाफरूममध्ये फोन आला आणि कुणी 'केमो' हा शब्द ऐकला तर? एवढंच कारण होतं माझं, खोटं कशाला बोलू.

तर रविवारी बुद्धवंदना झाली, फोटो झाले. बाहेर मे महिन्याचं ऊन, पंखा फुल असूनही सगळे घामाने निथळत होते. सुजाताची आई स्वतः माठातल्या पाण्याचे ग्लास ट्रेमध्ये घेऊन आली. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला बाई म्हणतात.

डोस होऊन दोनच दिवस झाले होते. हे औषध असं आहे की घेतल्यावर काही दिवस गार काही चालत नाही. गार पाण्याचा घोट घेतला की घसा आवळतो, श्वास अडकल्यासारखं होतं. गार स्टीलला नुसता हात लागला तरी बोटांत सुया टोचतात.

मावशींनी ग्लास पुढे केला. मी सवयीने हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. "नको मावशी," म्हणाले.

त्यांनी परत नेला. थोड्या वेळाने बर्फ घातलेलं लिंबू सरबत आणलं… तेही मी नको म्हटलं. आजूबाजूच्या सगळ्यांचे ग्लास रिकामे झाले होते, ट्रेमध्ये भरलेला एकटा माझाच.

मावशी ट्रे खाली ठेवून माझ्यासमोर बसल्या. "बाई, एक इचारते, राग नका धरू. आमच्या घरचं पाणी चालत न्हाई का तुम्हाला?"

"आई!" सुजाता ओरडली. "तू गप," मावशी म्हणाल्या, "इचारू दे मला."

माझ्या तोंडून ठरलेलं उत्तर निघालं, "नाही हो मावशी, घसा दुखतोय."

"समद्यांचा घसाच दुखतो, बाई. न्हाईतर उपास असतो, न्हाईतर आत्ताच पिऊन आलेल्या असतेत. लई ऐकलंय."

त्या चिडल्या नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. मला टेंभुर्णीचं माझं माहेर आठवलं. तिथे ओट्यावर एक वेगळा तांब्या असायचा, तो कुणासाठी होता हे मी लहानपणी पाहिलंय. मावशींना मी कुठल्या तोंडाने सांगणार होते की तुमचा गैरसमज झालाय? आयुष्यभर जे अनुभवलं, तेच त्यांना माझ्या मागे घेतलेल्या हातात दिसलं होतं.

मला भयंकर लाज वाटली. आजारापेक्षा या लाजेची भीती जास्त वाटली, खरं सांगते.

मग मी भर खोलीत सगळं सांगितलं. कॅन्सर, ऑपरेशन, केमो, गार पाणी… सुजाता रडायला लागली. रोज शेजारी बसून जाणाऱ्या बाईला मी हे सांगितलं नव्हतं.

मावशी रडल्या नाहीत, तडक उठल्या. "मंग आधी सांगायचं न्हाई का! बसा, जल्दी गरम करून आणते." तळहातावर थेंब टाकून बघत त्यांनी पाणी बराबर कोमट केलं आणि ग्लासभोवती पदर गुंडाळून माझ्या हातात दिला. मी संपवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. नंतर गरम खीरही वाटीभर खायला लावली.

सोमवारी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, संशोधनात माझं नाव घाला. ते म्हणाले, याचा फायदा कदाचित तुम्हाला नाही, पुढच्या पेशंटना होईल. म्हटलं, होऊ द्या की! सिस्टरना सांगा, कधीही फोन करा, मी स्टाफरूममधून मोठ्याने उत्तरं देईन.

तर सगळ्यांसाठी एकदाच लिहितेय. मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालाय. उरलेले सगळे डोस मी घेणार आहे, आणि जूनमध्ये शाळा उघडली की वर्गावर उभी राहणार आहे. कीव करणाऱ्यांनी लांबूनच करावी.

आणि मावशी… तुम्ही तोंडावर विचारलंत, म्हणून हे लिहितेय. गप्प बसला असतात, तर मी हसत हसत निरोप घेऊन घरी आले असते. तुमच्या लेखी मी त्यातलीच एक होऊन राहिले असते, आणि मला ते कधी कळलंही नसतं.