रिकाम्या काठ्या

रुद्राप्पा बेल्लदनं कधी कुणाकडं सवलत मागितली नव्हती. अपंगाचा दाखला काढा म्हणून बायको शांतव्वा पंधरा वर्षं मागं लागली होती. तो म्हणायचा, "मी चालतोय की. दाखला कशाला?"

चालायचा खरा. पण उजवा गुडघा वाकत नव्हता. एक्क्याण्णव साली कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत वितळलेलं लोखंड त्याच्या गुडघ्यावर सांडलं. सहा महिने खाटेवर गेले. उठला तेव्हा पायाचा वासा झाला होता.

साचे भरायचं काम उकिडवं बसून करायचं. ते सुटलं. मालकानं त्याला तपासणीच्या टेबलाशी उभं केलं आणि हातात लहान हातोडी दिली. ओतून निघालेला भाग टांगायचा, हलकेच ठोकायचा, ऐकायचं. भाग नीट असला तर आवाज लांबत जातो. आत केसाएवढी चीर असली तर जागच्या जागी मरतो. भट्टीच्या गोंगाटात रुद्राप्पा डोळे मिटून ऐकायला शिकला. पुढं पुढं दुसऱ्या फाउंड्रीवाले वादातला माल टेम्पोत घालून त्याच्यापुढं आणू लागले.

दोन हजार सहा साली फरीदाबादच्या गिऱ्हाइकानं अख्खा माल नाकारला. वर म्हणाला, तुमच्या त्या कानवाल्याला पाठवा, तो म्हणेल ते मान्य. मालकानं पुण्याहून दिल्लीचं विमानाचं तिकीट काढलं. स्वस्तातलं. त्या विमानात शीटांना नंबर नसायचे. जो आधी शिरेल त्याची जागा.

"पाय पसरायला जागा फकस्त पहिल्या रांगेत," मालकानं बजावलं. "मागं अडकलास तर पाय मावायचा न्हाय. वाटेत पाय आला तर खाली बी उतरवतील. गेटवर सांग, अपंगांना आधी सोडत्यात. आयुष्यात एकदा तरी माग की लेका!"

रुद्राप्पानं ते रात्रीच्या एसटीत मनातल्या मनात दहा वेळा घोकलं. पुण्याच्या विमानतळावर गेटपाशी प्रीती नावाची बिल्लेवाली मुलगी होती. तिच्यासमोर उभं राहून त्यानं आयुष्यातली पहिली सवलत मागितली.

"गुडघा वाकत न्हाय, ताई. मला आधी सोडा."

प्रीतीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. इस्त्रीची पँट. हातात पिशवी. "दाखला?"

"काढला न्हाय."

"काठी?"

"लागत न्हाय."

"मग रांगेत उभे राहा, काका. रोज निम्मं विमान लंगडत येतं माझ्याकडं आणि दिल्लीत उतरलं की पळत सुटतं."

मागं कुणीतरी हसलं. रुद्राप्पाचे कान तापले. पँट वर करून पाय दाखवता आला असता. चारचौघांत ते त्याच्यानं होणार नव्हतं. तो वळला. रांग लांबलचक होती.

तेवढ्यात हाक आली. "अरे रुद्राप्पा! तू बी इमानात?"

कोल्हापूरच्या शाहूपुरीतले भांड्यांचे व्यापारी गणपतराव. देवदर्शनाच्या सहलीला निघालेले. हातात कोरी करकरीत काठी. त्यांच्यामागं तशाच कोऱ्या काठ्या घेतलेले आणखी तिघं.

"काय लागलं, गणपतराव?"

"लागलं काय न्हाय," गणपतराव कुजबुजले. "काल लक्ष्मी रोडला चार काठ्या घेतल्या. खिडक्या धरायच्यात. तुला न्हाय सुचलं व्हय? तू तर खराखुरा लंगडा!"

ते गेटकडं निघाले. प्रीतीनं काठ्या पाहिल्या आणि कंटाळून साखळी काढायला हात घातला.

रुद्राप्पा त्यांच्याकडं पाठ करून उभा होता. मागून फरशीवर काठ्या वाजत गेल्या. ठक. ठक. त्यानं सवयीनं डोळे मिटले.

"ताई, थांबा!" तो भट्टीवर ओरडावं तसा ओरडला. अख्ख्या रांगेनं माना वळवल्या. "ह्यास्नी एकेकाला चालवा. मी वळून बघत न्हाय. कुठल्या काठीवर भार हाय ते सांगतो. चुकलो तर हितनंच कोल्हापूरला माघारी."

प्रीतीचा हात साखळीवरच राहिला. रांगेतून आवाज आला, "होऊन जाऊ दे!"

पहिले गणपतराव चालले.

"रिकामी," रुद्राप्पा म्हणाला.

दुसरी काठी. "रिकामी. नुसती टेकवतोय."

तिसरी वाजली. "पुन्हा चाला."

पुन्हा वाजली.

"ही खरी हाय. सगळा भार काठीवर हाय. ह्या माणसाला लई दुखतंय."

चौथी रिकामी निघाली. पण तिकडं कुणाचं लक्षच नव्हतं. तिसरी काठी बयाबाईंची होती, गणपतरावांच्या थोरल्या बहिणीची. सकाळपासून सगळ्यांत जास्त खिदळत होत्या त्या.

"आक्के, तुला काय झालंय?" गणपतराव म्हणाले. "तू तर आमच्यासारखीच..."

बयाबाईंनी पदर तोंडाला लावला. "दोन वर्षं झाली खुबा धरून. सांगितलं असतं तर नेलं असतंस व्हय मला? काठी मिळाली, तवा म्हटलं, चला, आता राजरोस टेकता येईल."

गणपतरावांनी आपली काठी प्रीतीच्या टेबलावर आडवी ठेवली. उरलेल्या दोघांच्या हातातल्याही काढून घेऊन ठेवल्या.

"आमचा पराक्रम संपला, ताई. आम्ही रांगेत. आक्काला सोडा. आणि ह्याला सोडा. ह्याच्या गुडघ्यावर लोखंड सांडलंय, सारी शिरोली साक्षीला हाय." मग रुद्राप्पाकडं वळून म्हणाले, "पाठीला कान फुटल्यात रं तुझ्या!"

रांग टाळ्या वाजवू लागली. प्रीतीनं साखळी काढली. "चुकले, काका," ती हळूच म्हणाली.

"तुमचं काय चुकलं? तुमच्याकडं मालच तसा येतोय."

उन्हात विमान उभं होतं. शिडीला पंधरा-सोळा पायऱ्या. काचेच्या दाराआड दीडशे माणसं थांबलेली. रुद्राप्पानं डावा पाय वर ठेवला, कठडा धरला आणि उजवा ओढून घेतला. बयाबाईंनी मागून त्याच्या खांद्यावर हात टेकला.

"घाई करू नगा, मावशी."

"न्हाय रं बाबा. तू बी करू नगंस."

आजवर लोक खोळंबतील म्हणून तो एसटीतून कायम शेवटी उतरत आला होता. त्या दिवशी त्यानं प्रत्येक पायरीवर श्वास घेतला. वर पोचल्यावर एकदा वळून सगळ्यांकडं पाहिलं. मग आत जाऊन पहिल्या रांगेत बसला आणि पाय लांब केला.